आंबट दही आणि अर्धा चमचा सोडा

जर्मनीत ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच कामाच्या ठिकाणी केक न्यायचा असतो. आपल्याकडे सहकारी वर्गणी काढतात. तिकडे उत्सवमूर्तीच सकाळी डबा घेऊन हजर होते. दुपारी कॉफीच्या वेळी सगळे टेबलाभोवती जमतात, हस्तांदोलन करतात आणि एकेक तुकडा बशीत घेतात. केक घरी केलेला असेल तर त्याचे मोल अर्थातच अधिक. शुभेच्छा मात्र वाढदिवसाच्या आदल्या दिवशी देऊन चालत नाही. तो तिथे अपशकुन समजतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे गीसेन या गावी राहत होतो. आमच्यापैकी एकीला तिथल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांचे काम मिळाले होते. भाषा तोडकीमोडकी. यंत्र कसे सुरू करायचे, अर्ज कुठे द्यायचा, कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारावी लागे. सतत मागणाऱ्याच्या भूमिकेत राहिले की माणूस संकोचून जातो. म्हणून वाढदिवस जवळ आला तेव्हा वाटले, एकदा तरी आपण काही द्यावे, आणि ते विकतचे नसावे.

सामानात आईची पाककृतींची वही होती. तीत बिनअंड्याचा केक होता: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी लोणी, एक वाटी आंबट दही, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, लागेल तसे दूध आणि वेलची. आई हा केक कढईत वाळू तापवून, त्यावर डबा ठेवून करी. आमच्याकडे तर तापमान दाखवणारी भट्टी होती. मग चूक होण्याचे कारणच काय? शिवाय अर्धा चमचा सोडा आम्हाला कमी वाटला. नऊ माणसांसमोर केक बसका निघायला नको, म्हणून आम्ही पुरा एक चमचा घातला.

भट्टीच्या काचेतून आम्ही पाहत होतो. पंधरा मिनिटांत केक असा काही फुगला की आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. आणखी दहा मिनिटांत त्याचा मध्यभाग हळूहळू खाली बसला. रंग लालसर तपकिरी होण्याऐवजी काळपट झाला. पण सकाळचे सात वाजले होते आणि दुसरा केक करण्याइतका वेळ नव्हता. खळग्यावर पिठीसाखर भुरभुरवली आणि डबा बंद केला.

दुपारी सर्वांनी एकेक तुकडा घेतला. एकजण म्हणाला, "इंटेरेसांट." ज्यांना जर्मन माणसांची सवय आहे त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. दुसरा तुकडा कोणीच मागितला नाही. शेवटी प्रयोगशाळेतल्या वयस्कर तंत्रज्ञ बाई बशी धुता धुता हळूच म्हणाल्या, "नात्रोन किती घातलंत?"

घरी येऊन आम्ही उरलेला तुकडा नीट चाखला. जिभेवर साबणासारखी चव रेंगाळत होती. रात्री आईला फोन केला. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "अगं, पण दही आंबट होतं का?"

सोडा नेमके काय करतो?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो केक दोन रीतींनी फुगवू शकतो. पहिली रीत आम्लाची. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, पाणी तयार होते आणि सोडियम लॅक्टेट हे सौम्य चवीचे लवण मागे राहते. दुसरी रीत उष्णतेची. आम्ल नसले तरी सोडा तापवल्यावर त्याचे विघटन होते. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते सावकाश सुरू होते आणि तापमान वाढते तसे वेग घेते. पण यात सोड्याच्या दोन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू सुटतो आणि मागे राहतो सोडियम कार्बोनेट. यालाच आपण धुण्याचा सोडा म्हणतो!

म्हणजे आम्ल पुरेसे असेल तर वायू दुप्पट मिळतो आणि चव बिघडत नाही. आम्ल कमी पडले तर उरलेला सोडा निम्माच वायू देतो आणि वर केकमध्ये धुण्याचा सोडा ठेवून जातो. आमच्या केकचे काय झाले असावे याचा अंदाज आता वाचकांना आला असेल. पण अंदाजावर न थांबता हिशेब करून पाहू.

कागदावरचा हिशेब

सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम सोडा मावतो. सोड्याचा रेणुभार ८४ आणि लॅक्टिक आम्लाचा ९०. दोन्हींचा एकेक रेणू एकमेकांशी संयोग पावतो. म्हणून ८४ ग्रॅम सोड्याला ९० ग्रॅम आम्ल लागते. ५ ग्रॅम सोड्याला ५.४ ग्रॅम.

चांगल्या आंबट दह्यात १०० ग्रॅममागे साधारण १ ग्रॅम लॅक्टिक आम्ल असते. म्हणजे एक चमचा सोडा पुरता संपवायला अर्धा किलोहून अधिक आंबट दही हवे! आमच्याकडे होते एक वाटी, सुमारे २०० ग्रॅम. आणि तेही दुकानातले सौम्य, गोडसर दही. त्यात १०० ग्रॅममागे ०.७ ग्रॅम आम्ल धरू. वाटीभर दह्यात मग १.४ ग्रॅम आम्ल झाले. त्याने जेमतेम १.३ ग्रॅम सोडा संपवला. उरलेल्या ३.७ ग्रॅम सोड्याचे भट्टीत पूर्ण विघटन झाले असे धरले, तर त्यापासून २.३ ग्रॅम धुण्याचा सोडा तयार होतो. पूर्ण विघटन झाले नसेल तर काही खाण्याचा सोडा तसाच राहिला असेल. चवीच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

आता आईचे माप पाहा. अर्धा चमचा म्हणजे २.५ ग्रॅम सोडा. त्याला २.७ ग्रॅम आम्ल लागते. वाटीभर आंबट दह्यात ते सुमारे २ ग्रॅम असते. तंतोतंत नव्हे, पण बरेच जवळ. आई फोनवर पुढे म्हणाली होती, "मी आधी दही चाखून बघते. गोडसर असलं तर सोडा कमी घालते." तिने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, पण आम्लाचे प्रमाण पाहून सोड्याचे प्रमाण ठरवायचे, हे तिला पक्के ठाऊक होते. वहीतला 'आंबट' हा शब्द आम्ही विशेषण म्हणून वाचला. खरे तर ते माप होते.

हळदीची साक्ष

हिशेब पटला तरी पुरावा हवा. हळदीतले कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळे असते, अल्कधर्मी द्रावणात ते तांबडे होते. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणामुळे.

आम्ही हळद पाण्यात कालवून ती टिपकागदाच्या पट्टीवर लावली आणि पट्टी वाळवली. केकचा चुरा थोड्या पाण्यात भिजवून ते पाणी पट्टीवर टाकले. पट्टी पाहता पाहता तांबूस झाली. आणखी साक्ष नको होती.

काळपट रंगाचे कोडेही यातच सुटते. भाजताना पिठातली आणि दह्यातली प्रथिने व काही शर्करा यांच्यात क्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. अल्कधर्मी माध्यमात ही क्रिया बरीच वेगाने होते. सोडा जास्त, म्हणून रंग गडद. आम्ही मात्र भट्टीला दोष देत होतो.

फुगलेला केक खचला का?

केकमधला प्रत्येक बुडबुडा सोड्यामुळे जन्माला येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. लोणी आणि साखर फेटताना साखरेचे कण लोण्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकवतात. सोड्यातून सुटलेला वायू या तयार बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. म्हणून फेटण्याचा कंटाळा केला तर कितीही सोडा घालून जाळी नीट पडत नाही. लोणी थंडगार आणि घट्ट असले किंवा वितळून पातळ झाले असले, तरी हवा नीट अडकत नाही. सुमारे २० अंशांचे, बोट दाबले तर खळगा पडेल असे लोणी यासाठी चांगले.

भट्टीत गेल्यावर तीन गोष्टी बुडबुडे फुगवतात. एक, अडकलेली हवा: २० अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापताना ती सुमारे पाव पटीने प्रसरण पावते. दोन, कार्बन डायऑक्साइड. तीन, पाण्याची वाफ. त्याच वेळी बुडबुड्यांभोवतीच्या भिंती टणक होत असतात. पिठातली प्रथिने घट्ट होतात, स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. साखर भरपूर असल्यामुळे स्टार्चची ही क्रिया लांबते आणि ८०-९० अंशांच्या आसपास पुरी होते. भट्टी १८० अंशांवर असली तरी केकचा आतला भाग ओला असेपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही. कवच मात्र कोरडे पडून पुष्कळ अधिक तापते, म्हणून रंग कवचालाच येतो.

केक म्हणजे अशी दोन कामांची शर्यत आहे: फुगणे आणि भिंती पक्क्या होणे. दोन्ही बरोबरीने व्हायला हवीत. सोडा फार झाला की फुगण्याचे काम आधीच उरकते. भिंती ओल्या असतानाच बुडबुडे ताणले जाऊन फुटतात, एकमेकांत मिसळतात, मोठे होऊन वर निसटतात. मध्यभाग सर्वांत उशिरा तापतो, म्हणून तो सर्वांत शेवटी पक्का होतो आणि तोच खचतो.

नात्रोन, सोडा आणि गीसेनचे लीबिग

बाईंनी विचारलेले 'नात्रोन' म्हणजे खाण्याचा सोडा. जर्मन दुकानात नुसते 'सोडा' लिहिलेले पाकीट बहुधा धुण्याच्या सोड्याचे असते! नवख्या मराठी माणसाने नावावर जाऊन ते केकसाठी आणले तर काय होईल, ते सांगायला नको. सोडियमची संज्ञा 'एन ए' का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर या पाकिटावर आहे. इजिप्तमधल्या खाऱ्या तळ्यांतून मिळणाऱ्या क्षाराला नात्रोन म्हणत. त्यावरून मूलद्रव्याला नात्रियम हे नाव आले आणि संज्ञा त्या नावाची आहे. असे अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारलाही आहे.

गंमत अशी की आम्ही ज्या गावात केक बिघडवला, त्याच गावाचा केक फुगवण्याच्या इतिहासाशी संबंध आहे. युस्टुस फॉन लीबिग हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ ते १८५२ या काळात गीसेनला प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांनी नुसती व्याख्याने न ऐकता स्वतः प्रयोग करून शिकावे, ही पद्धत त्यांनी तिथे रुजवली. त्यांची प्रयोगशाळा आज संग्रहालय म्हणून पाहता येते. त्यांच्याकडे शिकलेल्यांत एबेन हॉर्सफर्ड हा अमेरिकन तरुण होता.

त्याआधी १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने बेकिंग पावडर तयार केली होती. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून यीस्टशिवाय पाव फुगवण्याची त्याला गरज होती. कल्पना साधी: सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र ठेवायचे. कोरडे असेपर्यंत दोघे शांत. पाणी मिळाले की क्रिया सुरू. हॉर्सफर्डने पुढे अमेरिकेत यासाठी कॅल्शियमचे आम्लधर्मी फॉस्फेट वापरले आणि १८५६ मध्ये ते बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जर्मनीत बीलेफेल्डचे औषधविक्रेते आउगुस्ट ओएट्कर यांनी १८९१ नंतर बेकिंग पावडरच्या लहान पुड्या विकायला सुरुवात केली. अर्धा किलो पिठाला एक पुडी, असे हे माप. जर्मन घरांत ते आजही चालते.

या पुडीत सोडा, आम्लधर्मी लवण आणि ओल शोषून घेणारा स्टार्च असतो. सोडा आणि आम्ल यांचे प्रमाण कारखान्यातच जुळवलेले असते. आई चाखून जे ठरवी, ते पुडीत आधीच ठरवून ठेवलेले असते. यातली काही आम्लधर्मी लवणे थंड पिठात फारशी क्रिया करत नाहीत, भट्टीत तापल्यावर करतात. म्हणून असे पीठ थोडा वेळ थांबले तरी चालते. दही-सोड्याचे पीठ मात्र कालवल्याबरोबर भट्टीत जायला हवे, कारण वायू लगेच सुटू लागतो.

चार छोटे केक

पुढच्या रविवारी आम्ही सोडा न घालता पीठ कालवले आणि त्याचे चार सारखे भाग केले. पाच ग्रॅम सोडा कागदावर घेऊन औषधाच्या पुड्यांसारखे त्याचे चार ढीग केले.

पहिल्या भागात एक पुरा ढीग, म्हणजे बिघडलेल्या केकचेच प्रमाण. दुसऱ्यात अर्धा ढीग, म्हणजे आईचे माप. तिसऱ्यात अर्धा ढीग आणि थोडा लिंबाचा रस. चौथ्यात सोड्याऐवजी पिठाच्या हिशेबाने बेकिंग पावडर. दही चारही भागांत तेच, भट्टी तीच, वेळ तीच. पहिल्या-दुसऱ्यात फरक फक्त सोड्याच्या मापाचा. दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त लिंबाचा. दुसऱ्या-चौथ्यात फक्त फुगवणाऱ्या द्रव्याचा.

लिंबाचा रस किती? त्यात सुमारे ५ टक्के सायट्रिक आम्ल असते. त्याचा रेणुभार १९२ आणि एक रेणू सोड्याच्या तीन रेणूंना पुरतो. त्यामुळे एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर रस साधारण १ ग्रॅम सोडा संपवतो. सौम्य दह्याने १.३ ग्रॅम सोडा संपतो हे वर पाहिलेच. दोन्ही मिळून २.३ ग्रॅम, आईच्या अर्ध्या चमच्याला जवळजवळ पुरेसे. लहान केकसाठी यांचा चौथा हिस्सा घेतला.

पहिला केक अपेक्षेप्रमाणे काळपट, खचलेला. हळदीची पट्टी तांबडी. दुसरा बरा, पण शेवटी जिभेवर थोडा साबण, पट्टी नारिंगी. तिसरा फिकट सोनेरी, वर सपाट, पट्टी पिवळीच. चौथा सर्वांत उंच, पट्टी पिवळी, पण किंचित आंबट, कारण दह्याचे आम्ल शिल्लकच राहिले होते. आम्ही तिसरा निवडला. वेलचीच्या वासासह त्याला आमच्या घरच्या केकची चव होती.

वर्गात काय करता येईल?

यासाठी भट्टी लागत नाही. ताजे दही आणि दोन दिवसांचे आंबट दही वेगवेगळ्या फडक्यांतून गाळून त्यांचे पाणी घ्या. प्रत्येकी एक चमचा पाण्यात चिमूटभर हळद घाला. खायचा चुना पाण्यात ढवळून, स्थिर ठेवून वरची निवळी आधीच काढून ठेवा. ड्रॉपरने तिचा एकेक थेंब टाकत ढवळा आणि पिवळा रंग जाऊन तांबूस छटा टिकेपर्यंत थेंब मोजा. आंबट दह्याला अधिक थेंब लागतात. किती अधिक, ते मुलांनीच शोधावे. वरच्या वर्गांत हेच पुढे अनुमापन म्हणून येते. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये, प्रयोगानंतर हात धुवावेत आणि प्रयोगातले काही चाखू नये.

खाण्याचा आणि धुण्याचा सोडा वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून दोन्हींवर हळदीची पट्टी टाकली, तर धुण्याच्या सोड्यात ती कितीतरी गडद होते. दोन पांढऱ्या पुड्या दिसायला सारख्या, पण एक नव्हेत, हे मुलांच्या कायमचे लक्षात राहते. अर्थात इथेही चव घेऊन ओळखायची नाही.

दुसरा केक आम्ही एका साध्या बुधवारी नेला. वाढदिवस कोणाचाच नव्हता. डबा रिकामा परत आला. तंत्रज्ञ बाईंनी पाककृती मागितली, तेव्हा वाट्या आणि चमचे यांचे ग्रॅम करून आम्ही ती लिहून दिली. त्या गावात आल्यापासून कोणीतरी आमच्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. 'आंबट दही' या शब्दांपाशी मात्र थांबावे लागले. तिथे आम्ही लिहिले: दही २०० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा.

आईच्या वहीत आम्ही काही बदल केला नाही. आपल्या घरोघरीच्या पाककृतींत 'आंबट', 'कोमट', 'तार येईपर्यंत', 'बोटाला चिकटेनासे होईपर्यंत' असे शब्द असतात. मुलांना ते घरून लिहून आणायला सांगावे आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा: इथे नेमके काय मोजले आहे?